दाढेत सिमेंट भरताना किती दुखतं?

पत्र : डॉक्टर मॅडम, मी कोल्हापुरात, फुलेवाडीत राहते. वय २९. खाली उजवीकडच्या मागच्या दाढेला खड्डा पडलाय. गरोदरपणात लक्षात आलं, पण घरचे म्हणाले, या दिवसांत दाताचं काही करायचं नसतं. आता बाळ सात महिन्यांचं आहे, अंगावर पितं. थंड पाणी लागलं की कळ येते आणि दोन-तीन सेकंदांत जाते. गोड अडकलं की सळ मारते. रात्री दुखत नाही. मिस्टर रोज म्हणतात, जाऊन सिमेंट भरून ये. पण मी नऊ वर्षांची असताना गावाकडं एका डॉक्टरांनी माझी दाढ काढली होती. वडिलांनी हात धरले होते आणि आणखी कुणीतरी पाय. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. सासूबाई म्हणतात, खालच्या दाढेला सुई मारली की डोळ्याच्या नसेला धक्का बसतो. दाढ भरताना किती दुखतं ते खरं सांगा. 'काही दुखत नाही' असं लिहू नका. तसं मला तेव्हाही सांगितलं होतं.

---

ताई,

खरं तेच लिहिते. तुम्ही सांगितलेली लक्षणं पाहता, भूल देऊन दाढ भरली तर सुई आत जाताना एक टोच लागेल. औषध सोडताना मिनिटभर जबड्याच्या कोपऱ्यात ताणल्यासारखं, दाबल्यासारखं वाटेल. त्यानंतर दुखायला नको. 'नको' म्हणते, 'दुखणारच नाही' असं म्हणत नाही. खालच्या दाढेची भूल कधीकधी पहिल्या सुईत पुरती चढत नाही. तसं झालं तर काय करायचं, ते खाली सविस्तर लिहिलंय, आणि तेवढं तुम्ही दोनदा वाचा.

आधी त्या नऊ वर्षांच्या मुलीबद्दल. हातपाय धरून तिची दाढ काढली, ते चूकच होतं. तुम्ही भित्र्या आहात म्हणून ते मनात राहिलेलं नाही, दुखलं म्हणून राहिलंय. भूल चढली की नाही हे न बघताच चिमटा लावला असणार, नाहीतर भूल दिलीच नसणार. लेकरू ओरडतंय म्हणजे हट्ट करतंय, असं मोठ्यांनी धरून चालायचं, असा तो काळ होता. पण दाढ काढणं आणि दाढ भरणं ही दोन वेगळी कामं आहेत. काढायची तर ती हाडातून सैल करून ओढावी लागते. भरताना मुळाला, हाडाला कुणी हात लावत नाही. वरचा किडलेला भाग तेवढा खरवडून काढायचा आणि झालेला खड्डा बुजवायचा.

तुम्हाला थंड लागल्यावर कळ का येते, हे कळलं की पुढचं सगळं सोपं होईल. दाताचं वरचं पांढरं कवच, म्हणजे एनॅमल, हा आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. त्यात नस नाही. मशीन तिथं चालतं तेव्हा आवाज येतो, दुखत नाही. त्याच्या खाली पिवळसर थर असतो, डेंटिन. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या हजारो बारीक नळ्या असतात आणि त्या नळ्यांत पातळ द्रव. थंड पाणी लागलं किंवा गोड चिकटलं की तो द्रव हलतो आणि आतल्या नसेला खबर पोचते. तुमची दोन-तीन सेकंदांची कळ ती हीच. सगळ्यात आत दाताचा गाभा, तिथं नस आणि रक्तवाहिन्या असतात. कीड गाभ्याला भिडली की दुखण्याची जातच बदलते. थंड बाजूला केलं तरी कळ थांबत नाही, गरम चहा सोसत नाही, रात्री आडवं झालं की ठणका सुरू होतो आणि कान, कानशील, मान सगळं एक होतं.

तुमचं तसं काही नाही. म्हणजे कीड बहुधा अजून मधल्या थरातच आहे आणि दाढ नुसत्या फिलिंगवर वाचेल. एक्स-रे काढल्यावर पक्कं कळेल. पण ही स्थिती थांबून राहत नाही. आज जी दाढ एका बैठकीत, अर्ध्या-पाऊण तासात भरून होते, तिलाच पुढं रूट कॅनाल आणि कॅप लागते. त्याला बहुतेक वेळा दोन-तीन फेऱ्या होतात आणि खर्च फिलिंगच्या कितीतरी पट. शिवाय, आणि तुम्ही दुखण्याबद्दल विचारलंय म्हणून हे मुद्दाम सांगते, ठणकणाऱ्या सुजलेल्या दाढेवर भूल नीट चालत नाही. सुजेच्या जागी आंबटपणा, म्हणजे आम्लता, वाढलेली असते आणि भुलेचं औषध तिथं कमी पडतं. दुखण्याच्या भीतीनं थांबलेला माणूस असा नेमका जास्त दुखण्याच्या वेळी आमच्या खुर्चीत येतो. आठवड्यातून एकदा तरी मी हे बघते, आणि दर वेळी मन हळहळतं.

आता खुर्चीत काय होतं, ते क्रमानं सांगते. आधीच माहीत असलं की अंग कमी आखडतं.

भूल द्यायच्या जागी आधी एक जेल किंवा स्प्रे लावतात. चव कडवट असते आणि मिनिट-दोन मिनिटांत तेवढी कातडी बधिर होते. जेल लावून डॉक्टर लगेच सुई घेत असतील, तर 'थोडं थांबू या का?' असं विचारायला हरकत नाही. मग सुई. वरच्या दाढेला ती त्या दाढेच्या बाजूलाच देतात आणि दोन-तीन मिनिटांत काम होतं. खालच्या दाढेचं हाड जाड, औषध त्यातून मुरत नाही. म्हणून नस हाडात शिरते तिथं, तोंडाच्या मागच्या कोपऱ्यात सुई द्यावी लागते. टोचण्यापेक्षा औषध भरभर ढकललं की जास्त दुखतं. सावकाश सोडलं तर नुसता दाब जाणवतो. हे डॉक्टरांच्या हातात आहे, आणि 'हळू सोडा हं' असं आधीच सांगून ठेवणं तुमच्या हातात. औषधात थोडं अ‍ॅड्रिनलीन असतं, त्यानं क्षणभर छातीत धडधडू शकतं. घाबरू नका, दोन मिनिटांत निवतं.

मग थांबायचं. पाच मिनिटं, कधी दहा. आधी ओठाच्या त्या बाजूला मुंग्या येतात, मग ओठ जाड झाल्यासारखा वाटतो, जिभेची अर्धी बाजूही जड होते. आरशात बघितलंत तर ओठ होता तेवढाच दिसेल. ओठ हनुवटीच्या मध्यापर्यंत बधिर झाला, की भूल चढल्याची ती खूण. तोवर मशीन तोंडात येऊ देऊ नका.

मशीनचा तो कुंईऽऽ आवाज ऐकून निम्मे लोक खुर्चीचा हात घट्ट धरतात. आवाज कानाला बोचतो हे खरं, पण आवाज म्हणजे दुखणं नव्हे. हे वेगवान मशीन, म्हणजे एअरोटर, मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतं आणि दात तापू नये म्हणून त्यातूनच पाण्याचा फवारा येत राहतो. ते पाणी घशाशी साचल्यासारखं वाटलं तरी शेजारची नळी ते ओढून घेत असते, नाकानं श्वास घेत राहायचं. किडीचा मऊ भाग काढायला दुसरं, हळू फिरणारं मशीन वापरतात. त्याची घरघर जबड्यात जाणवते. पिठाच्या गिरणीत फरशीवर उभं राहिलं की तळपायाला जसा थरकाप लागतो, अगदी तसा. थरकाप आणि दाब भुलेनं जात नाहीत, फक्त दुखणं जातं. खूप जण इथंच फसतात. दाब जाणवला की त्यांना वाटतं, आता दुखणार, आणि अंग ताठ करतात.

सासूबाईंच्या पिढीची भीती मी खोटी म्हणणार नाही. हे वेगवान मशीन जगात आलं १९५७ साली, आणि आपल्याकडच्या गावांत पट्ट्यावर चालणारं हळू मशीन त्यानंतरही बरीच वर्षं होतं. ते दात हादरवत, तापवत चालायचं. आज आम्ही जे भुलेचं औषध रोज वापरतो ते लिग्नोकेन स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालं, पण लहान गावातल्या प्रत्येक पेशंटला ते मिळत होतं असं नाही. त्यांनी जे सोसलं ते खरंच सोसलं.

डोळ्याचं मात्र त्यांना समजावून सांगा. चेहऱ्याला स्पर्श कळवणाऱ्या मोठ्या नसेला तीन फांद्या आहेत. एक कपाळ आणि डोळ्याच्या भागाकडं जाते, दुसरी वरच्या जबड्याकडं, तिसरी खालच्या. आपण भूल देतो ती या तिसरीला. दिसण्याची नस अगदी वेगळी, तिचा दाढेशी संबंध नाही. क्वचित एखाद्या वेळी औषध शेजारी पसरून एका बाजूचा चेहरा सैल पडतो आणि पापणी नीट मिटत नाही. भूल उतरली की दोन-तीन तासांत सगळं पूर्ववत होतं. असं कुणाचं तरी बघून ही समजूत पसरली असावी, असं मला वाटतं.

आता ते महत्त्वाचं, भूल पुरती चढली नाही तर काय करायचं ते. दवाखाना सुरू केला त्या पहिल्याच वर्षी करवीर तालुक्यातले एक शेतकरी खालच्या दाढेसाठी आले होते. मी भूल दिली, ओठ बधिर झाला का विचारलं, ते 'व्हय' म्हणाले, मी काम सुरू केलं. मधे दोनदा विचारलं, 'दुखतंय का?' त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. चेहऱ्यावर सुरकुती नाही. काम संपत आल्यावर माझी नजर सहज खाली गेली. त्यांनी चप्पल काढून ठेवली होती आणि पायाची दहाही बोटं आत वळून मुठीसारखी आवळलेली होती, नखं पांढरी पडली होती. मी मशीन थांबवलं. विचारलं, 'काका, सगळा वेळ दुखत होतं का?' तर म्हणाले, 'हुतं की. पण तुमी काम करत हुता, मधी कशाला बोलायचं?'

त्या दिवसापासून मी काम करताना पेशंटच्या पायांकडं बघते. तोंड उघडं असलं की चेहरा काही सांगत नाही, पाय सांगतात. पण प्रत्येक डॉक्टर पायांकडं बघेलच असं नाही. आपल्या भागातल्या माणसाला सोसायची सवय असते, बायकांना तर जास्तच, आणि डॉक्टरला मधे अडवणं म्हणजे उद्धटपणा वाटतो. ताई, तो उद्धटपणा नाही. दुखतंय हे तुम्ही सांगितलं नाही तर आम्हाला कळायला दुसरा मार्ग नाही.

म्हणून खुर्चीत बसल्या बसल्या, मशीन हातात घ्यायच्या आधी, डॉक्टरांना सांगायचं : 'लहानपणी दाढ काढताना मला फार दुखलं होतं. मला भूल देऊनच भरा. दुखलं तर मी डावा हात वर करीन, तेव्हा थांबा.' डावा अशासाठी, की डॉक्टर बहुधा तुमच्या उजवीकडं असतात, त्यांच्या हाताला धक्का लागायला नको. काम सुरू झाल्यावर एकदा उगीचच हात वर करून बघा. डॉक्टर थांबले, की तुमच्या निम्म्या भीतीची गाठ तिथंच सुटेल. आणि खरोखर तीक्ष्ण कळ आली तर 'थोडंच राहिलंय' हे ऐकून गप्प बसू नका. भूल आणखी देता येते. खालच्या जबड्यात नसेची ठेवण प्रत्येकाची थोडी वेगळी असते, दुसरी सुई किंवा दाढेच्या बाजूनं थोडं औषध दिलं की बहुतेक वेळा काम भागतं. माझी स्वतःची खालची दाढ भरली तेव्हा मलाही दुसरी सुई लागली होती. मी हात वर केला, माझ्या डॉक्टर मैत्रिणीनं सुई दिली, पाच मिनिटं आम्ही दोघी गप्प बसून राहिलो, मग पुढचं काही कळलं नाही.

खड्डा अगदी उथळ निघाला तर डॉक्टर म्हणतील, भुलेची गरज नाही. तसं असू शकतं, मीही पुष्कळ लहान फिलिंग भुलेशिवाय करते, एखाद-दुसरी थंड सळ येते एवढंच. पण तुमच्या मागं जे घडलंय ते बघता मी तुम्हाला तरी भूल घ्यायला सांगेन. या वेळचा अनुभव चांगला जाणं ही तुमच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या दातांची गरज आहे.

भरण्याच्या कामात नंतर दुखण्यासारखं काही नसतं. दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट असेल तर आधी निळसर जेल लावून पंधरा-वीस सेकंदांनी धुतात, चुकून जिभेला लागलं तर आंबट लागतं. मग थरावर थर देऊन निळ्या उजेडाखाली पक्कं करतात. शेवटी रंगीत कागद चावायला देतात. त्या वेळी ओठ बधिर असतो, चावा नीट कळत नाही, तरी घाई करू नका, 'पुन्हा एकदा कागद द्या' म्हणा.

घरी गेल्यावर दोन-तीन तास ओठ बधिर राहील. तोवर गरम चहा नको, रस्सा तर नकोच, भाजलेलं कळणार नाही. गाल चावला जाईल म्हणून खाणंही भूल उतरल्यावर. कॉम्पोझिट लगेच घट्ट झालेलं असतं. चांदी, म्हणजे पारा मिसळलेला धातूचा मसाला, भरली असेल तर मात्र त्या बाजूनं एक दिवस चावू नका. पुढचे काही दिवस, कधी दोन आठवडे, थंडाला दाढ शिवशिवेल आणि हळूहळू कमी होत जाईल. पण चावताना नेमकी तीच दाढ आधी टेकतेय, दुखतेय असं वाटलं तर फिलिंग केसभर उंच राहिलंय समजा. परत जा, दोन मिनिटांत घासून देतात. हे अंगावर काढू नका.

बाळाची काळजी करू नका. लिग्नोकेन दुधात अगदी नगण्य उतरतं. भूल घेतल्यावर लगेच पाजलंत तरी चालतं, दूध काढून टाकायची गरज नाही. दाताच्या एक्स-रेचाही दुधावर काही परिणाम नाही. आणि गरोदरपणातलं सांगायचं, तर 'या दिवसांत दाताचं काही करायचं नसतं' हे खरं नाही. मधले तीन महिने त्यासाठी चांगले असतात, आणि तातडीचं असेल तर थांबायचं कारण नसतं. पुढच्या वेळेसाठी, किंवा जावेसाठी, नणंदेसाठी लक्षात ठेवा. बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं असंही कुणी म्हणेल. तसं होत नाही. उलट्या होतात, पोटातलं आम्ल दातांवर येतं, दर दोन तासांनी काहीतरी खाल्लं जातं, घासणं मागं पडतं, त्यानं दात किडतात.

आणि बाळंतिणीचे लाडू. डिंकाचे, अळिवाचे, आणि आपल्याकडं तर घरोघरी गूळ चांगला मिळतो. गूळ साखरेपेक्षा पौष्टिक म्हणतात, पण दातावरच्या जंतूंना दोन्ही सारखेच गोड, आणि चिकट गूळ खड्ड्यात जास्त वेळ बसून राहतो. लाडू सोडा असं मी सांगणार नाही, बाळंतिणीनं खायलाच हवं. जेवणाबरोबर खा, वर पाण्यानं चूळ भरा, दिवसभर थोडा थोडा तोडत राहू नका. रात्री फ्लोराइडच्या पेस्टनं घासल्यावर तोंडात काही नको. आणि दाढेत लवंगेचं तेल, तपकीर, मिश्री असं काहीही दाबून ठेवू नका. लवंग तेलानं तासभर बरं वाटतं, पण कीड पुढं चालूच राहते, आणि मिश्रीनं तर तंबाखूची सवय लागते.

खर्चाची अडचण असेल तर सीपीआरमध्ये, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, चौकशी करा, किंवा नवे पारगावच्या दंतमहाविद्यालयात. तिथं विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ थोडा जास्त लागतो एवढंच.

जाताना पोट रिकामं ठेवू नका. भाकरी-भाजी खाऊन, दात घासून, बाळाला पाजून निघा. उपाशी माणसाला सुई बघूनच चक्कर येते. बाळाला सांभाळायला सासूबाईंनाच बरोबर घ्या. भूल उतरल्यावर तुमचे डोळे ठणठणीत आहेत हे त्यांना तिथंच बघता येईल. रक्तदाब, दमा, हृदयाचा काही त्रास किंवा कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. सकाळची वेळ मागा, दिवसभर मनात धाकधूक घेऊन बसण्यापेक्षा ते बरं.

आणि वेळ ठरलेल्या दिवसाच्या आधीच रात्री ठणका लागला किंवा थंडाची कळ मिनिटभर टिकायला लागली, तर त्या तारखेची वाट बघू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करा आणि 'रात्रीपासून दुखतंय' एवढंच सांगा, मधेच घेतील.